डोया आणि डोळा : दुसरीच्या एका वर्गातलं वाचन

यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसपट्ट्यातली जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. पहिली-दुसरी एका खोलीत, एकाच मॅडमकडे. दुसरीचा पट १२. त्यातली ७ मुलं गावातली, घरी वऱ्हाडी बोलणारी. ४ बंजारा तांड्यावरची, घरी गोरमाटी ही बंजारा बोली. एक मूल पोडावरचं, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचं, घरी कोलामी. गावाचं आणि मुलांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गाची वाचन चाचणी झाली आणि मुलांचे तीन गट पडले: अक्षर ओळखणारी, शब्द वाचणारी, परिच्छेद वाचणारी. शाळेची तक्रार एका वाक्याची होती. अक्षरं येतात, बाराखडी तोंडपाठ आहे, पण वाचता येत नाही. ही तक्रार विदर्भातल्या कुठल्याही केंद्राच्या शिक्षण परिषदेत ऐकायला मिळते. या वर्गात मात्र तक्रारीच्या आधी एक चूक होऊन गेली होती, आणि ती गट पाडतानाच झाली होती.

खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीपुढे सहा शब्दांची यादी ठेवली होती: डोळा, काळा, पाणी, विहीर, केळी, गवत. तिने वाचलं: डोया, काया, पानी, इहीर, केयी, गवत. कागदावर पाच फुल्या आणि एक बरोबर. ती ‘अक्षर’ गटात गेली आणि पहिलीच्या पोरांसोबत अ-आ-इ गिरवत बसली. दोन आठवड्यांनी ती वर्गात बोलेनाशी झाली.

त्याच वेळी पुढच्या ओळीतल्या एका मुलाने पाठ्यपुस्तकातला पाठ घडाघडा म्हणून दाखवला. त्याला ‘परिच्छेद’ गट मिळाला. पण त्याचं बोट कुठे होतं, हे कुणी पाहिलं नव्हतं. तोंडातून चौथी ओळ येत होती तेव्हा बोट दुसऱ्या ओळीवर होतं. मोठी बहीण तिसरीत, पाठ तिच्याकडून ऐकून पाठ झालेला. पोरगा हुशार होताच, त्याची स्मरणशक्ती पक्की होती. वाचन मात्र त्याला येत नव्हतं.

मुलगी शब्द घरच्या वऱ्हाडी उच्चारात बरोबर वाचत होती आणि तिला येत नाही असं ठरवलं गेलं. मुलाचं नेमकं उलट झालं. पुढचं सगळं काम या दोन मुलांवरून उलगडत गेलं.

पुन्हा पाहणी, एकेका मुलाची

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात व्हरांड्यात एकेका मुलाला बसवून १० मिनिटं देण्यात आली. रोज दोन-तीन मुलं, परिपाठानंतर. पाहणीचे भाग चार होते.

पहिला भाग: २० अक्षरं, बाराखडीचा क्रम मोडून. या एका गोष्टीने बरंच उघडं पडतं. ‘कु’वर बोट ठेवलं की मूल मनातल्या मनात ‘क, का, कि, की, कु’ अशी शिडी चढतं आणि मग उत्तर देतं. ओठ हलताना दिसतात. म्हणजे त्या मुलाला बाराखडीचं गाणं येतं. उकाराची खूण बघून आवाज काढता येत नाही. ३४ व्यंजनांची बाराखडी केली तर ४०८ आकार होतात. हे सगळे सुटे सुटे पाठ करायचे म्हटलं तर दोन वर्षं पुरत नाहीत. पण मात्रेचा आवाज एकदा कळला की एक मात्रा ३४ अक्षरांना लागू पडते.

दुसरा भाग: १० बनावट शब्द. सामे, टाबी, रेको, नुप असे, ज्यांना काही अर्थ नाही. अर्थ नसल्यामुळे अंदाज चालत नाही, पाठांतर चालत नाही, मुलाला अक्षर बघून आवाज जुळवावाच लागतो. मुलांना आधी सांगायचं, ‘हे गमतीचे शब्द आहेत, यांचा अर्थ नाही.’ आणि वापरण्याआधी ही यादी गावातल्या एका वऱ्हाडी आणि तांड्यावरच्या एका गोरमाटी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला वाचून दाखवायची. बनावट म्हणून लिहिलेला शब्द कुणाच्या तरी बोलीत शिवी निघाली, तर वर्ग हातचा जातो.

तिसरा भाग: कागद-पेन्सिल काहीच नाही, नुसता कान. ‘बा… बा, काय झालं?’ ‘का… सरा?’ ‘स… र… की?’ तुकडे ऐकून शब्द जोडता येतो का, आणि ‘बकरी’तला पहिला तुकडा सांगता येतो का.

चौथा भाग: सहा वाक्यांची गोष्ट पुस्तकी मराठीत वाचून दाखवायची, चार प्रश्न विचारायचे. दुसऱ्या दिवशी तेवढीच दुसरी गोष्ट वऱ्हाडीत सांगायची, पुन्हा चार प्रश्न.

नोंद करण्याची पद्धत बदलली, आणि आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. चुकीला फुली मारायची नाही. मूल जे बोललं ते तसंच्या तसं लिहायचं. घरच्या उच्चारामुळे फरक पडला असेल तर शेजारी ‘घ’ लिहायचं, म्हणजे घरचं. ‘घ’ची खूण असलेला शब्द वाचनात बरोबर धरायचा.

खिडकीजवळच्या मुलीने बनावट १० शब्दांपैकी ८ बरोबर वाचले. पुढच्या ओळीतल्या मुलाने एकही नाही. बाकीच्यांचं चित्र असं निघालं: तिच्यासह तिघं शब्द वाचत होते. पाच मुलांना मूळाक्षरं येत होती पण मात्रा गाण्याबाहेर येत नव्हती. हा मुलगा त्यांतलाच. चौघांना १०पेक्षा कमी अक्षरं येत होती. त्यांत तांड्यावरची दोन आणि पोडावरचं मूल. ऐकून समजण्यात वऱ्हाडी मुलं घरच्या बोलीतल्या चारही प्रश्नांची उत्तरं देत होती, पुस्तकी गोष्टीच्या दोनच. तांड्यावरची मुलं दोन्हींत अडखळत होती, पण वऱ्हाडीत कमी, कारण बाजारात आणि बसथांब्यावर त्यांच्या कानावर वऱ्हाडी पडते.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली तर उत्तर शून्य. या वर्गात काही मुलांची पहिली बाजू लंगडी होती, काहींची दुसरी, आणि सगळ्यांना औषध एकच दिलं जात होतं: बाराखडी गिरवा.

जोडणं का जमत नव्हतं

आपल्याकडे एक पक्की समजूत आहे की काना-मात्रा नसलेले शब्द सोपे. म्हणून सुरुवात कमळ, बदक, गवत, मगर यांनी होते. डोळ्यांना ते सोपे आहेत. कानाला ते सगळ्यात अवघड आहेत.

‘क’ हे अक्षर एकटं म्हटलं की त्यात ‘अ’ असतोच. मूल ‘ग… व… त…’ म्हणतं तेव्हा तीन ‘अ’ ऐकू येतात. आपण बोलतो तेव्हा शेवटचा ‘अ’ गळतो: गवत् असं म्हणतो. ‘करवत’मध्ये तर मधलाही गळतो, कर्वत् होतं. मुलाने तीन अक्षरं अचूक ओळखली तरी त्याच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याच्या ओळखीच्या ‘गवत’सारखं नसतं. म्हणून ते थांबतं आणि मॅडमच्या तोंडाकडे बघतं. मॅडम ‘गवत!’ म्हणतात, मूल ‘गवत’ म्हणतं, आणि दोघांनाही वाटतं की वाचन झालं.

उलट ‘काम’ घ्या. ‘का’ ओढता येतो: ‘काऽऽऽम’. आवाज न तोडता बोट ‘का’वरून ‘म’वर सरकतं आणि ओठ मिटले की शब्द तयार. रास, बाक, कान, साप हे शब्द असेच. म्हणून या वर्गात पहिला शब्द ‘काम’ घेतला, बिनमात्रांचे तीन अक्षरी शब्द चौथ्या आठवड्यापर्यंत बाजूला ठेवले. शेवटचा ‘अ’ गळण्याचा नियम मुलांना सांगितला नाही. ‘आता पटकन म्हण, घरी म्हणतोस तसं’ एवढंच सांगितलं. शब्द ओळखीचा असेल तर हे एवढं पुरतं. ओळखीचा नसेल तर काहीच पुरत नाही.

दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची. ‘ि’ लिहिली जाते आधी, बोलली जाते नंतर. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं मूल ‘कविता’ला ‘किवता’ म्हणतं, ‘गणित’ला ‘गिणत’. ही निष्काळजीपणाची चूक नाही. आपण शिकवलेला नियम ते मूल तंतोतंत पाळत असतं. उपाय म्हणून ‘ी’ आधी घेतली. तिची जागा आवाजाच्या क्रमाने येते, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मुलाच्या कानाला तसाही फारसा जाणवत नाही. ‘ी’ महिनाभर पक्की झाल्यावर ‘ि’ आली, तीही सुट्या कार्डावर: आधी अक्षराचं कार्ड ठेवायचं, ‘व’ म्हणायचं, मग डावीकडून वेलांटीचं अरुंद कार्ड सरकवत ‘वि’ म्हणायचं. हाताची हालचाल उलट्या दिशेने आणि आवाज सरळ, हे मुलांना हातानेच कळलं.

अक्षरांचे गट

वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागेनुसार लावलेला आहे. क-ख-ग-घ कंठातून, प-फ-ब-भ ओठांतून. व्याकरणासाठी हा क्रम फार सुंदर आहे. पण नव्याने शिकणाऱ्या मुलापुढे तो एकसारखे आवाज एका ओळीत आणून ठेवतो. इथे क्रम बदलला: आवाज आणि आकार एकमेकांपासून लांब असलेली, आणि पटकन शब्द देणारी अक्षरं आधी.

पहिला गट: क, म, ब, र, स आणि काना. या सहा खुणांत काम, मका, काका, मामा, बाबा, बारा, रस, बस, रास, बाक, मासा, बकरा, कासरा असे शब्द होतात. कासरा, म्हणजे बैलाचा दोर, तर या मुलांच्या हातातला. दुसरा गट: त, न, प, ल, आ आणि दुसरी वेलांटी. माती, पान, नाक, साप, बकरी, सरकी. ‘काका आला. मामी आली.’ अशी वाक्यं इथूनच सुरू झाली. तिसरा गट: व, ग, द, ट, ए आणि मात्रा. आता ‘मामा वावरात गेला’ वाचता येतं. पाठ्यपुस्तकात शेत असतं, पोरांच्या घरी वावर असतं. पहिलं वाचन वावराचंच ठेवलं, शेत नंतर ‘श’ आल्यावर. चौथा गट: ड, घ, ह, च आणि ‘ो’. पाचवा: पहिली वेलांटी, दोन्ही उकार, ज, य, ण, ळ. उरलेली अक्षरं आणि अनुस्वार सहाव्यात. तोवर मुलं निम्मी अक्षरं स्वतःच विचारून घेऊ लागली होती.

घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्यांपैकी एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं आणलं नाही, मध्ये किमान दोन आठवडे ठेवले. दोन्ही एकदम शिकवून ‘फरक ओळखा’ करायला लावलं की गोंधळ कायमचा बसतो.

‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन आवाज आहेत, ‘चाक’चा वेगळा आणि ‘चार’चा वेगळा. याचं व्याख्यान केलं नाही. ‘दोन्ही म्हणून बघ, कोणता आपला?’ एवढं मुलांनी एका दिवसात उचललं.

कार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूची, ८ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच. मात्रांची कार्डं ३ सेंमी रुंद. अक्षराची उंची ६ सेंमी, काळ्या मार्करने. पहिल्या संचात एक चूक झाली: शिरोरेषा प्रत्येक कार्डावर वेगळ्या उंचीवर आली. कार्डं शेजारी ठेवली तरी शब्द दिसेना, सुटी अक्षरंच दिसत राहिली. दुसरा संच करताना वरच्या काठापासून २ सेंमीवर आधी पेन्सिलची रेघ मारून घेतली, आणि शिरोरेषा कार्डाच्या दोन्ही काठांपर्यंत नेली. आता कार्डं भिडवली की रेघ सलग होते आणि तीन कार्डांचा एक शब्द होतो.

भिंतीवरचा छापील तक्ता मात्र उतरवला. त्यावर ‘ए’ एडक्याचा आणि ‘ऐ’ ऐरणीचा होता. एडक्याच्या चित्राकडे बघून एका पोराने सांगितलं, “मॅडम, हा तं मेंढा व्हय.” त्याच्या लेखी ते ‘म’चं चित्र होतं. ऐरण तर कुणीच पाहिली नव्हती. चित्राने अक्षर लक्षात राहावं म्हणून तक्ता असतो. चित्राचं नावच वेगळं निघालं तर तो मुलाला चुकीचं अक्षर शिकवतो. नवा तक्ता जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मुलांच्या शब्दांतून तयार झाला: क कासऱ्याचा, व वावराचा, स सरकीचा.

रोजची ७० मिनिटं

सुरुवातीची १५ मिनिटं गोष्टीची, पहिली-दुसरी एकत्र. नंतर १० मिनिटं कानाचे खेळ. त्यानंतर पहिली पाटीवर चित्र काढते आणि दुसरीची २० मिनिटं कार्डांवर. मग १५ मिनिटं जोडीने वाचन, शेवटी १० मिनिटं लेखन, त्यात पाच शब्दांचं श्रुतलेखन आणि एक वाक्य मुलाच्या मनातलं. दोन वर्ग एका खोलीत असताना यातली २० मिनिटांची वेळ सांभाळणं सगळ्यात कठीण जातं. पहिलीला त्या वेळात पुरेल एवढं काम आदल्या दिवशीच फळ्याच्या खालच्या भागात लिहून ठेवावं लागतं.

पहिले दोन आठवडे एक गोष्ट बिघडलेली होती आणि ती लक्षात यायला वेळ लागला. कार्ड वर केलं की १२ मुलं एका सुरात ओरडायची. वर्ग जिवंत वाटायचा. प्रत्यक्षात तिघं वाचत होते आणि बाकीचे अर्धा क्षण मागून त्यांचा आवाज उचलत होते. त्यानंतर सामूहिक वाचन तीन मिनिटांवर आणलं, आणि प्रत्येक मुलाला रोज एकट्याने किमान चार शब्द वाचायला मिळतील अशी पाळी लावली. हजेरीच्या क्रमाने पाळी लावू नये. मुलं आपला शब्द आधीच मोजून ठेवतात.

डोया, काया आणि पाय

पाचवा गट येईपर्यंत घरचे उच्चार जसेच्या तसे चालू दिले. ‘पानी’ लिहिलं तर ‘पानी’ बरोबर, कारण ‘ण’ शिकवलाच नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा झाला, लाकडी बैल घेऊन पोरं गावभर फिरून आली, आणि फळ्यावर मुलांनी सांगितलेली वाक्यं वऱ्हाडीतच लिहिली गेली: ‘माहा बैल लाल हाये.’ स्वतःच्या तोंडचं वाक्य फळ्यावर दिसलं तेव्हा खिडकीजवळच्या मुलीने ते सगळ्यांना बोट फिरवत वाचून दाखवलं. त्या दिवसापासून ती पुन्हा बोलू लागली.

मग ‘ळ’ आला. फळ्याचे दोन भाग केले, ‘घरचा शब्द’ आणि ‘पुस्तकातला शब्द’. डोया–डोळा, काया–काळा, केयी–केळी. खाली ण: पानी–पाणी. खाली वि: इहीर–विहीर. त्याखाली पूर्ण वेगळे शब्द: सांबार–कोथिंबीर, भेदरं–टोमॅटो, बंडी–बैलगाडी. तांड्यावरच्या मुलांसाठी तिसरा रकाना, याडी–माय–आई. दोन्ही बाजू बरोबर, कुठे कोणती वापरायची एवढाच प्रश्न.

इथेच दुसरी चूक झाली. आठवडाभर ‘ळ’चेच शब्द घेतल्यामुळे मुलांनी मनाशी नियम बांधला की तोंडात ‘य’ आला की कागदावर ‘ळ’ लिहायचा. श्रुतलेखनात ‘गाळ’ आली, ‘पाळ’ आला, एकाने ‘माळ’ लिहून खाली आईचं चित्र काढलं. मुलं विचार करत होती म्हणूनच चुकत होती. ‘य’चे खरे शब्द (गाय, पाय, माय, साय) पहिल्या दिवसापासून मिसळायला हवे होते. पुढचे दहा दिवस रोजच्या पाच शब्दांत दोन ‘ळ’चे, दोन ‘य’चे आणि एक तिसराच, असं प्रमाण ठेवलं, तेव्हा गाडी रुळावर आली.

काही शिक्षकांना वाटतं की घरचा उच्चार चालवून घेतला की मूल कायम अशुद्धच राहतं. अनुभव उलटा आहे. ‘डोया’ वाचून डोळ्याकडे बोट दाखवणाऱ्या मुलाला अर्थापर्यंतचा रस्ता सापडलेला असतो. तिथे अडवलं तर ते वाचणंच सोडतं. लेखनात ‘डोळा’ यायलाच हवा, आणि तो दोन रकान्यांच्या फळ्यातून येतो.

शब्द आणि शब्दांची रूपं

गोष्टीतले आठवड्याला सहा शब्द निवडले, त्याहून जास्त नाही. पद्धत अशी: गोष्टीत शब्द आला की आधी घरी काय म्हणता ते विचारायचं, मग वस्तू किंवा कृती दाखवायची, मग त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत मुलाच्या तोंडून तो वाक्यात काढायचा. नुसता अर्थ सांगितलेला शब्द दुसऱ्या दिवशी उरत नाही.

पण शब्दसंग्रहाच्या यादीत न दिसणारी एक अडचण मराठीत आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. मुलाला ‘पाणी’ वाचता येतं, ‘पाण्यात’ ओळखू येत नाही. विहीर येते, ‘विहिरीत’ अडतं. घोडा येतो, ‘घोड्याला’ नाही. प्रत्यय लागला की शब्दाचा चेहराच बदलतो, आणि त्यात वऱ्हाडी मूल ‘घोड्याले’ ऐकत वाढलेलं असतं. ‘घोड्याला’ या शेवटाची त्याच्या कानाला अपेक्षाच नसते. म्हणून आठवड्यातून दोनदा एका शब्दाचं कुटुंब लिहिलं: गाव, गावात, गावाला, गावाहून. बकरी, बकरीला, बकरीचं. सुरुवात रूप फारसं न बदलणाऱ्या शब्दांपासून केली, ‘पाणी–पाण्यात’ शेवटी.

दिवाळीनंतर

दसऱ्याच्या आसपास कापूस फुटला आणि हजेरी गळाली. आईबाप वेचणीला गेले की धाकट्याला सांभाळायला दुसरीतलं मूलही घरी राहतं. रागावून काही होत नाही. चार मुलांसाठी १२ शब्दकार्डं आणि हाताने लिहिलेलं आठ वाक्यांचं एक पान अशी पाकिटं केली. घरी ऐकणाऱ्याला वाचता येत नसलं तरी चालतं, मूल कार्ड वाचून वस्तू दाखवतं आणि आजीला तेवढं तपासता येतं. दिवाळीनंतर तांड्यावरची दोन मुलं आईबापासोबत ऊसतोडीला गेली. पाकिटं त्यांच्यासोबत गेली. त्या दोघांचं पुढचं वाचन या नोंदीत नाही.

डिसेंबरच्या शेवटी उरलेल्या १० मुलांची एक मिनिटाची वाचननोंद झाली, न पाहिलेल्या उताऱ्यावर. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचणं अपेक्षित आहे. चार मुलं ४५च्या पुढे होती. खिडकीजवळची मुलगी त्यात, आणि उताऱ्यात तिच्या नावावर दोन ‘घ’. चार मुलं २० ते ३५च्या दरम्यान. पुढच्या ओळीतला मुलगा इथे. त्याने ३१ शब्द वाचले, बोट शब्दाखाली ठेवून. दोन मुलं अजून शब्दावर होती, वाक्यावर नव्हती. त्यातलं एक पोडावरचं. अक्षरं त्याला २२ येत होती, पण ऐकलेल्या मराठी गोष्टीवरच्या चारपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर. त्याच्याबाबतीत अक्षरांचा वेग वाढवण्यात अर्थ नव्हता. गोष्टीच्या तासाला त्याच्या पोडावरची चौथीतली मुलगी शेजारी बसवायची, तिने कोलामीत सांगायचं, असं जानेवारीपासून ठरलं.

जोडाक्षरं बाकी होती. त्यांत ‘र’ सगळ्यात फसवा: कर्ज, चक्र, ट्रक आणि ऱ्या, चार ठिकाणी चार रूपं. सुरुवात ‘ऱ्या’ने करायची असं ठरलं, कारण ते ज्या शब्दांत येतं ते या मुलांच्या घरातले: कासऱ्याला, वावराच्या धुऱ्यावर (बांधावर). जानेवारीच्या पहिल्या सोमवारी फळ्यावर एकच शब्द लिहिला होता, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड. तो कुणी शिकवण्याआधी मागच्या ओळीतून आवाज आला, “पराटी!” मॅडमनी नोंदवहीत त्या मुलाच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि शेजारी लहानसा ‘घ’ लिहिला.